कार्यक्रमपत्रिकांतून दिसणारी क्लारा शूमान

पाश्चात्त्य संगीताच्या इतिहासग्रंथांत क्लारा शूमान (१८१९–१८९६) हे नाव बहुधा दोन पुरुषांच्या नावांच्या आधाराने येते. पहिले तिचे पती, संगीतरचनाकार रॉबर्ट शूमान. दुसरे तिचे आयुष्यभराचे स्नेही योहानेस ब्राम्स. एकाची पत्नी आणि दुसऱ्याची प्रेरणा एवढी तिची ओळख सांगितली, की लेखकाचे कर्तव्य संपते. वस्तुतः रॉबर्टसोबतचा तिचा प्रत्यक्ष संसार अवघ्या १४ वर्षांचा होता. व्यासपीठावरील तिची कारकीर्द मात्र ६२ वर्षांची. हे प्रमाण डोळ्यांसमोर ठेवून तिच्या आयुष्याकडे पाहिले तर काय दिसते, हे तपासावे असे आम्हांला वाटते.

यासाठी कोणते साधन विश्वसनीय मानावे? क्लाराच्या वादनाचे ध्वनिमुद्रण उपलब्ध नाही. रोजनिशी आहे, पण तिच्या बालपणीच्या रोजनिशीत वडिलांनी, पियानोशिक्षक फ्रीडरिश वीक यांनी, अनेक नोंदी स्वतःच्या हाताने आणि तरीही मुलीच्या नावाने, प्रथमपुरुषी लिहिलेल्या आहेत. म्हणजे तेथील ‘मी’ नेहमी क्लारा असतेच असे नाही. विवाहानंतरची रोजनिशी पतिपत्नींची सामायिक होती. आत्मचरित्राची साधने वाचताना ‘हा मी कोणाचा?’ असा प्रश्न साहित्याचे अभ्यासक नेहमीच विचारतात. येथे तो अक्षरशः विचारावा लागतो. या पार्श्वभूमीवर एक साधे, कोरडे साधन अधिक बोलके ठरते. बालपणापासून अखेरच्या मैफलीपर्यंतच्या सुमारे १३०० छापील कार्यक्रमपत्रिका तिच्या संग्रहात जपल्या गेल्या. कोठे, केव्हा, कोणासोबत आणि काय वाजवले, एवढेच त्या सांगतात. पण तेवढे पुष्कळ आहे.

२० ऑक्टोबर १८२८ रोजी लाइपझिगच्या गेवांडहाउस सभागृहात नऊ वर्षांची क्लारा दुसऱ्या एका वादिकेच्या मैफलीत सहभागी झाली. पुढे वडिलांनी तिला पॅरिसपर्यंत नेले. १८३७–३८ च्या हिवाळ्यात व्हिएन्नाने तिला डोक्यावर घेतले. नाटककार ग्रिलपार्त्सर याने तिच्या बेथोवेन-वादनावर कविता लिहिली आणि ऑस्ट्रियाच्या दरबाराने तिला सन्मानपदवी दिली. त्या वेळी ती १८ वर्षांची होती. तत्कालीन रिवाजाप्रमाणे या काळातील पत्रिकांत बोटांची चपळाई दाखवणाऱ्या, टाळ्या घेणाऱ्या रचनांचा भरणा आहे. शिवाय तिच्या स्वतःच्या रचनाही आहेत. आपला पियानो कन्चेर्तो तिने १८३५ मध्ये, १६ व्या वर्षी, मेंडेल्सझोनच्या संचालनाखाली सादर केला होता.

रॉबर्टशी विवाहाला वीक यांनी कडाडून विरोध केला. मुलीची कमाई तिच्या हाती द्यायलाही ते तयार नव्हते. प्रकरण न्यायालयात गेले. अनुमती मिळाली आणि १२ सप्टेंबर १८४० रोजी, २१ वा वाढदिवस एका दिवसावर आला असताना, विवाह झाला. प्रेमकथा येथे संपते आणि व्यवहार सुरू होतो. रॉबर्ट रचना करीत असला की क्लाराला रियाज थांबवावा लागे. १८४१ ते १८५४ या काळात तिला आठ अपत्ये झाली. त्यांपैकी एक तान्हेपणीच गेले. तरी मैफली थांबल्या नाहीत. १८४२ मध्ये ती कोपनहेगनला गेली, रॉबर्ट मधूनच घरी परतला. १८४४ च्या रशिया-दौऱ्यात तो तिच्या सोबत होता, पण तेथे मान होता तो तिचा. बोटाच्या दुखापतीमुळे रॉबर्टचे स्वतःचे वादन तारुण्यातच सुटले होते. त्याच्या पियानोरचना लोकांपर्यंत पोहोचवणारे हात क्लाराचे होते. त्याचा सुप्रसिद्ध पियानो कन्चेर्तो प्रथम तिनेच वाजवला, १८४५ मध्ये, ड्रेस्डेन येथे.

फेब्रुवारी १८५४ मध्ये मनोरुग्ण अवस्थेत रॉबर्टने ऱ्हाइन नदीत उडी घेतली. तो वाचला, पण त्याची रवानगी बॉनजवळच्या एंडेनिश येथील रुग्णालयात झाली. क्लारा तेव्हा गरोदर होती. जूनमध्ये धाकटा मुलगा फेलिक्स जन्मला आणि त्याच वर्षीच्या शरद ऋतूत ती पुन्हा दौऱ्यावर निघाली. सात मुले आणि पतीचा औषधोपचार यांचा भार तिच्यावर होता. स्नेह्यांनी देऊ केलेल्या मदतनिधीच्या मैफलीला तिने नकार दिला. स्वतःच्या मैफलींतून मिळवलेले पैसे तिला हवे होते, दुसऱ्यांनी गोळा केलेले नव्हेत. १८५६ च्या एप्रिलमध्ये ती प्रथमच इंग्लंडला गेली आणि जुलैपर्यंत तेथे वाजवत राहिली. डॉक्टरांनी भेटीस मनाई केल्याने दोन वर्षांहून अधिक काळ तिने पतीला पाहिले नव्हते. २७ जुलैला भेट झाली, २९ जुलैला रॉबर्टचा मृत्यू.

मुलांना इतरांच्या हाती सोपवून गावोगाव फिरणारी आई, असा ठपका तिच्यावर येत राहिला. कुटुंबाच्या पोटासाठी पुरुष परगावी गेला तर त्याला कर्तव्यदक्ष म्हणतात. तेच स्त्रीने केले तर तिच्या वात्सल्याची चौकशी होते. याउलट अलीकडचे काही लेखक तिला केवळ परिस्थितीची बळी ठरवतात. आम्हांला दोन्ही भूमिका अपुऱ्या वाटतात. तिच्या पत्रांत अर्थार्जनाची चिंता आहे. तशीच, वाजवल्यावाचून आपण जगू शकणार नाही ही जाणीवही आहे.

यानंतरच्या पत्रिकांचे रूप पालटलेले दिसते. दिखाऊ रचना मागे पडून बाख, बेथोवेन, शोपाँ, रॉबर्ट शूमान आणि पुढे ब्राम्स यांची नावे ठळक होतात. आज गंभीर पियानोमैफलीचा जो साचा आपण गृहीत धरतो, तो घडवण्यात तिचा वाटा मोठा आहे. मात्र त्याच पत्रिकांतून एक नाव विरळ होत गेले, ते रचनाकार क्लाराचे. १८५३ च्या उन्हाळ्यात तिने अनेक रचना केल्या होत्या. पतीच्या मृत्यूनंतर ते लेखन जवळजवळ थांबले. या मौनाला ‘त्याग’ म्हणून गौरवणे आम्हांला मान्य नाही. ते नुकसान होते, आणि त्याची नोंद नुकसान म्हणूनच व्हायला हवी.

उत्तरायुष्य सुखाचे नव्हते. मुलगी युली १८७२ मध्ये, फेलिक्स १८७९ मध्ये, फर्डिनांड १८९१ मध्ये वारला. हाताच्या दुखण्याने मधूनमधून वादन थांबवावे लागे. १८७८ पासून १८९२ पर्यंत तिने फ्रँकफर्टच्या होख संगीतविद्यालयात अध्यापन केले. १२ मार्च १८९१ रोजी, वयाच्या ७१ व्या वर्षी, तिने अखेरची मैफल केली.

आज तो पत्रिकासंग्रह त्स्विकाउ येथे, रॉबर्टच्या नावाच्या संग्रहालयात आहे. याउलट १९९० पासून युरो चलन येईपर्यंत जर्मनीच्या १०० मार्कांच्या नोटेवर चित्र होते ते क्लाराचे, आणि मागील बाजूस पियानो. आयुष्यभर हिशेब जुळवीत वाजवत राहिलेल्या कलावतीचे स्मरण नोटेवर व्हावे, हे आम्हांला उचित वाटते. तिच्या चरित्राचा आरंभही आता विवाहापासून न करता त्या १८२८ च्या पत्रिकेपासून व्हावा.