गाठींचा दाब आणि चामड्याची वाटी

१८६० मध्ये लोहमार्ग सोलापूरला पोहोचला. १८७७ मध्ये जुनी गिरणी सुरू झाली. कापूस हलका, पण जागा फार व्यापणारा. म्हणून मुंबई इलाख्यात तो जलदाबयंत्रांत दाबून त्याच्या घट्ट गाठी बांधल्या जात.

या यंत्राचे पेटंट जोसेफ ब्रामाने १७९५ मध्ये लंडनमध्ये घेतले. अडचण एकच होती: दट्ट्याच्या कडेने पाणी झिरपे आणि दाब वाया जाई. त्यावरील उपायाचे श्रेय त्याचा कारागीर हेन्री मॉड्स्ले याला दिले जाते. तो उपाय म्हणजे चामड्याची वाटी. पाण्याचा दाब वाढेल तशी तिची कड दट्ट्याला अधिक घट्ट बिलगे. ब्रामाचे नाव गाजले. यंत्र मात्र या वाटीच्या भरवशावर चाले! चामडे सुकले किंवा दट्ट्यावर ओरखडा उठला, की गळती सुरू.

आज सोलापुरी गोदामांत चादरींचे गठ्ठे उचलणाऱ्या पॅलेट ट्रकमध्ये पाण्याऐवजी तेल आणि चामड्याऐवजी रबरासारखे सील असते. तेलात धूळ शिरली, की दट्ट्यावर ओरखडा तसाच उठतो.