प्रशिक्षक पाहिजे

मुलीसाठी स्थळ पाहणे आणि देशाच्या फुटबॉल संघासाठी प्रशिक्षक निवडणे, ही दोन कामे ज्यांचा त्यांच्याशी काडीचाही संबंध नसतो त्यांनाच उत्तम जमतात, असे माझे फार दिवसांपासूनचे मत आहे. मुलीच्या बापाला काय कळते? बिचाऱ्याची झोप उडालेली असते. खरी पारख असते ती मामाच्या साडूला. मुलाचे नाक, पगार, पूर्वज आणि संभाव्य टक्कल यांबद्दल तो एका दमात निकाल देऊन मोकळा होतो. फुटबॉलच्या बाबतीत आम्ही सहा जण हे या देशाचे मामाचे साडू आहोत.

आमचे शहर छत्रपती संभाजीनगर. पुढे जी जुनी हकीगत यायची आहे त्या काळी ते औरंगाबाद होते, म्हणून त्या काळापुरते मी तेच नाव वापरीन. इथे कोल्हापूरसारखे फुटबॉलचे वेड नाही. तिकडे तालमी-तालमींत सामना पेटतो आणि अख्खी पेठ मैदानावर लोटते. आमच्याकडे आमखास मैदानावर पोरे मनापासून खेळतात, आणि आम्ही औरंगपुऱ्यातल्या हॉटेलात बसून तितक्याच मनापासून बोलतो. सहा जणांत मिळून धड गुडघे पाच. त्यातले दोन वकीलसाहेबांचे, कारण त्यांनी ते कोर्टाबाहेर कधी वापरलेलेच नाहीत.

२०२५ च्या जुलै महिन्यात आम्हांला अगदी सुगीचे दिवस आले. भारतीय संघाचे स्पॅनिश प्रशिक्षक मानोलो मार्केझ वर्षभरातच पायउतार झाले होते. आठ सामने आणि विजय एक. हे गृहस्थ काही काळ एकाच वेळी देशाचा संघही सांभाळत होते आणि एफ. सी. गोवाही. आमच्या मास्तरांनी तेव्हाच भविष्य वर्तवले होते, "दोन घरचा पाहुणा उपाशी!" म्हण खरी ठरल्याचा आनंद मास्तरांना इतका झाला, की देश हरल्याचे दुःख त्यात कुठल्या कुठे वाहून गेले.

आता जागा रिकामी झाली म्हटल्यावर अर्ज आले. किती? १७०! आमच्या बँकवाल्या मित्राने लगेच हिशेब केला, की संघात अकरा खेळाडू धरले तर दर खेळाडूमागे पंधरा प्रशिक्षक पडतात आणि तरी पाच शिल्लक राहतात. त्यात बातमी आली, की अर्जदारांत बार्सिलोनाचा शावी आहे, आणि साक्षात ग्वार्दिओलाही आहे. त्या दिवशी आम्ही चहाबरोबर भजीही मागवली. ग्वार्दिओलाला आपला उन्हाळा सोसेल का, इथपर्यंत चर्चा गेली. पुढे महासंघाने खुलासा केला, की ते अर्ज खरे नव्हते. कुणीतरी टपली मारली होती. भजीचे पैसे मात्र खरे होते.

शेवटी तीन नावे उरली. इंग्लंडचे स्टीफन कॉन्स्टंटाईन, स्लोव्हाकियाचे स्टेफान तारकोविच आणि आपले खालिद जमील. इथे आमच्यात उभी फूट पडली. कॉन्स्टंटाईनसाहेबांनी याआधी दोनदा हा संघ सांभाळलेला. "तिसऱ्यांदा बोहल्यावर?" असे म्हणून पोस्टातल्या काकांनी त्यांना बाद केले. तारकोविचांचे नाव वकीलसाहेबांना तीनदा प्रयत्न करूनही उच्चारता येईना, म्हणून त्यांनी त्यांना जोरदार पाठिंबा दिला. जे उच्चारता येत नाही ते उच्च दर्जाचे असते, हा त्यांचा सिद्धांत. मास्तर जमीलच्या बाजूचे. ऐजॉलसारख्या छोट्या संघाला ज्याने २०१६-१७ च्या आय-लीगचे विजेतेपद मिळवून दिले, तो माणूस घरचा म्हणून हलका ठरवायचा का, असा त्यांचा सवाल. वकीलसाहेब म्हणाले, "अहो मास्तर, पण आपल्याकडे मोठा प्रशिक्षक होऊन गेलाय कधी? बाहेरचाच माणूस लागतो."

बोलूनचालून ते वकील. पुराव्याशिवाय बोलणे हा त्यांचा हक्कच. पण बाजूच्या टेबलावर शहागंजचे एक चाचा पावाचा तुकडा चहात बुडवून बसले होते. वय ऐंशीच्या पुढे. त्यांनी तुकडा तसाच बशीत ठेवला आणि म्हणाले, "अजी वकीलसाब, इत्ते नामां लेरे तुम लोगां. काचीगुड्याके मास्टरसाब का नाम सुने क्या?"

काचीगुडा! हे नाव आमच्या शहराला रेल्वेमुळे पाठ. मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड करीत निजामाची छोटी गाडी ज्या दिशेला जायची, त्या दिशेचे हे स्टेशन. तिथल्या शाळेत एक मास्तर होते, सय्यद अब्दुल रहीम. जन्म १९०९ चा. उस्मानिया विद्यापीठाचे पदवीधर. आता उस्मानिया म्हटले की आमच्या जुन्या पिढीला माहेर आठवते, कारण १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ निघेपर्यंत आमच्याकडच्या पोरांची पदवीही त्याच छापखान्यातून निघे. सांगायचा मुद्दा असा, की भारताला लाभलेला सगळ्यांत मोठा फुटबॉल प्रशिक्षक हा आमच्याच हैदराबाद संस्थानातला, आमच्याच विद्यापीठातला, आमच्याच लोहमार्गावरचा एक शाळामास्तर होता. आणि आम्ही सहा जण स्लोव्हाकियात स्थळ शोधत होतो.

रहीममास्तरांची शिकवण्याची तऱ्हाच निराळी. चेंडू पायात घोळवत बसायची आपल्या खेळाडूंना भारी हौस, म्हणून त्यांनी अशा स्पर्धा भरवल्या, की त्यात घोळवायला बंदीच. चेंडू आला की पुढे द्यायचा. ज्याचा उजवा पाय बरा, त्याने फक्त डाव्याने खेळायचे, अशीही एक स्पर्धा. आमच्या शाळेत ही पद्धत असती, तर गणितात कच्च्या पोराला फक्त गणिताचाच पेपर मिळाला असता. कल्पनेनेच अंगावर काटा येतो. पण फळ बघा. त्यांचा हैदराबाद सिटी पोलीस हा संघ १९५० पासून १९५४ पर्यंत ओळीने पाच वर्षे मुंबईत येऊन रोव्हर्स करंडक घेऊन गेला. पोलीसच दर वर्षी माल उचलून नेताहेत म्हटल्यावर मुंबईकरांनी फिर्याद तरी कुणाकडे करायची?

१९५१ साली दिल्लीत पहिल्या आशियाई क्रीडा भरल्या. रहीमसाहेबांच्या हाताखालच्या संघाने अंतिम सामन्यात इराणला १-० ने हरवून सुवर्णपदक घेतले. सगळीकडे आनंदीआनंद. आणि पुढच्याच वर्षी, १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये, युगोस्लाव्हियाने आपल्याला १०-१ असे हरवले. दहा! तिथली ती थंडी, आणि आपले बरेच गडी अनवाणी. दहा गोल म्हणजे काय, याची जरा कल्पना करा. एवढी वर्दी तर सत्यनारायणाच्या प्रसादालाही एका घरातून येत नाही.

आज असे झाले असते तर? प्रशिक्षकाला विमानतळावरच निरोपाचा नारळ मिळाला असता, आणि तो नारळ द्यायचा कुणी यावर आम्ही सहा जण भांडलो असतो. तेव्हाही काही सगळे साधुसंत नव्हते. कलकत्ता की हैदराबाद, अशी ओढाताण होतीच. पण १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकला संघ निघाला, तेव्हा त्याच्या पुढे हेच दहा गोलवाले रहीममास्तर होते.

आणि इथे आमच्या शहराची मोठी गंमत झाली. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना होऊन हैदराबाद राज्य संपले आणि आम्ही मराठवाडेकर एका रात्रीत मुंबई राज्यात आलो. बरोबर एक महिन्याने, १ डिसेंबरला, मेलबर्नला भारताने ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरवून ऑलिंपिकची उपांत्य फेरी गाठली. चारांतले तीन गोल एकट्या नेव्हिल डिसूझाचे. हा गडी मूळ गोव्याचा आणि वाढलेला मुंबईत. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा पहिला आशियाई. वकीलसाहेबांच्या अंगात हे ऐकून वीज संचारली. म्हणाले, "म्हणजे प्रशिक्षक मावळत्या सरकारचा आणि गोल उगवत्या सरकारचे. आपला दोन्हीवर हक्क लागतो!" खरेच, तुलसीदास बलराम, नूर महंमद, अझिझुद्दीन, झुल्फिकारुद्दीन ही हैदराबादची मंडळी एकीकडे, मुंबईचा डिसूझा दुसरीकडे, आणि मध्ये रुळावर आम्ही. साऱ्या देशात असे दुहेरी वारसदार आम्हीच. पण वारसा सांगायला आम्ही कुठे गेलोच नाही. सरहद्द सरकली, आणि मास्तर पलीकडे राहिले ते राहिलेच.

उपांत्य सामन्यात समोर कोण यावे? पुन्हा युगोस्लाव्हियाच! पण या वेळी पहिला गोल आपला होता, तोही डिसूझाचाच. शेवटी आपण ४-१ ने हरलो, पदकाच्या सामन्यात बल्गेरियाकडून ३-० ने हरलो आणि चौथे आलो. बँकवाल्याच्या भाषेत सांगायचे, तर चार वर्षांत खात्यावरची तूट नवावरून तीनवर आली. एवढी वसुली आमच्या मित्राच्या शाखेने उभ्या आयुष्यात केलेली नाही.

मग १९६२. जाकार्ताच्या आशियाई क्रीडा. रहीमसाहेबांना कर्करोगाने गाठलेले. दक्षिण कोरियाविरुद्ध पहिलाच सामना आपण ०-२ ने हरलो. बचावपटू जर्नेलसिंगच्या डोक्याला टाके पडले, तर मास्तरांनी त्याला घरी बसवायचे सोडून पुढच्या फळीत नेऊन उभा केला. ४ सप्टेंबरच्या अंतिम सामन्यात सगळे स्टेडियम आपल्या विरुद्ध आरडाओरड करीत होते. समोर पुन्हा कोरियाच. आपण २-१ ने जिंकलो. एक गोल पी. के. बॅनर्जींचा आणि दुसरा त्या टाके घातलेल्या जर्नेलसिंगचा. जेमतेम नऊ महिन्यांनी, ११ जून १९६३ ला, मास्तर गेले. त्यानंतर १९७० चे बँकॉकचे कांस्यपदक सोडले, तर आशियाई क्रीडांतून आपला फुटबॉल संघ पदक घेऊन परतलेला नाही. २०२४ साली 'मैदान' नावाचा चित्रपट निघाला तेव्हा पुष्कळांना हे नाव पहिल्यांदा कळले. आम्हां सहा जणांना तर तेव्हाही नाही, कारण तो आम्ही पाहिलाच नव्हता.

चाचांचे सांगून झाले तेव्हा बशीतल्या पावाचा पार लगदा झाला होता. वकीलसाहेबांनी त्यांच्यासाठी नवा चहा सांगितला. कोर्टात याला दावा मान्य करणे म्हणतात.

१ ऑगस्ट २०२५ ला खालिद जमील यांची नेमणूक जाहीर झाली. तेरा वर्षांनी पहिल्यांदा कुणा भारतीयाला हे पद पूर्ण स्वरूपात मिळाले. सप्टेंबरमध्ये मध्य आशियाच्या स्पर्धेत ओमानला पेनल्टींवर हरवून संघ तिसरा आला, तेव्हा मास्तरांनी पेढे वाटले. १४ ऑक्टोबरला मडगावात सिंगापूरने आपल्याला २-१ ने हरवले आणि २०२७ च्या आशियाई चषकाची आशा संपली. अडीच महिने झाले होते. दुसऱ्या दिवशी पोस्टातल्या काकांनी चहाचा पहिला घोट घेतला आणि म्हणाले, "माणूस बदलायला पाहिजे."

नेहमीप्रमाणे आम्ही माना डोलावणार, एवढ्यात मास्तरांनी विचारले, "काका, गोल किती खाल्ले?"

"दोन."

"मग अजून आठ शिल्लक आहेत," मास्तर म्हणाले.