अणुभट्टीच्या आधी काय होते?

अणुवीज केंद्र म्हटले की आपल्या मनात येते ते चालू झालेले केंद्र. गळती झाली तर काय? आज आम्ही बोलणार आहोत ते त्याच्या आधीच्या वर्षांबद्दल. पाया खणला जातोय, सिमेंटचे ट्रक धावताहेत, इंधन अजून आलेलेही नाही. अशा काळात तिथली माती, पाणी, मासे कोणी मोजले आणि कशासाठी? इंधनच नाही तर मोजायचे काय, असे तुम्ही विचाराल. विचारायलाच हवे.

या गोष्टीची सुरुवात अमेरिकेत, १९४३ साली होते. वॉशिंग्टन राज्यात कोलंबिया नदीकाठी हॅनफर्ड येथे अणुभट्ट्यांचे काम चालू झाले होते. नागासाकीच्या बाँबचे प्लुटोनियम पुढे इथूनच गेले. भट्टी थंड ठेवायला कोलंबियाचे पाणी घ्यायचे आणि परत नदीत सोडायचे. पण ही नदी सामन माशांची! तेव्हा त्याच वर्षी सिएटलच्या विद्यापीठातले मत्स्यतज्ज्ञ लॉरेन डोनाल्डसन यांच्याकडे काम आले की किरणांचा माशांवर काय परिणाम होतो ते पाहा. ते माशांवर आणि त्यांच्या अंड्यांवर क्ष-किरण सोडून नोंदी करत. प्रयोगशाळेला नाव दिले होते ‘अप्लाइड फिशरीज लॅबोरेटरी’. नावावरून कोणाला कसलाही वास लागू नये! पहिली भट्टी चालू झाली सप्टेंबर १९४४ मध्ये. म्हणजे पर्यावरणावरची ही नजर भट्टीच्या आधी जन्मली, आणि ती गुप्त होती. नदीकाठच्या लोकांना तिचा पत्ता नव्हता. हे जन्मलक्षण पुढे बराच काळ टिकलेले आहे, तेवढे ध्यानात ठेवा.

आता जरा आमच्या दुकानातला माल. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवले, तेव्हा सवय जात नाही. नैयायिक अभावाचे चार प्रकार सांगतात. त्यातला पहिला प्रागभाव, म्हणजे घडा घडण्याआधी असलेला घड्याचा अभाव. त्याला सुरुवात नाही, पण शेवट आहे. घडा झाला की तो संपला, पुन्हा येणे नाही. केंद्र चालू होण्याआधीचे सर्वेक्षण म्हणजे या प्रागभावाची नोंद. ती नंतर करताच येत नाही. इथे आणखी एक अट येते, तिला योग्यानुपलब्धि म्हणतात. ‘इथे घडा नाही’ असे म्हणायचा अधिकार केव्हा? तो असता तर दिसला असता, अशी स्थिती असेल तेव्हाच. अंधारात चाचपडून ‘नाही’ म्हणणे हे ज्ञान नव्हे. त्यामुळे अहवालात ‘आढळले नाही’ असे लिहिले असेल, तर उपकरणाला किमान किती मोजता येत होते तो आकडा शेजारी हवा. तो नसेल तर त्या ‘नाही’ला काडीचा अर्थ नाही.

आपल्याकडची पहिली कसोटी तारापूर. बांधकाम १९६४ मध्ये सुरू झाले आणि १९६९च्या ऑक्टोबरपासून व्यापारी तत्त्वावर वीज मिळू लागली. त्या काळात आपल्याकडे पर्यावरणाचा कायदाच नव्हता. पाण्याच्या प्रदूषणाचा कायदा १९७४चा, पर्यावरण संरक्षण कायदा १९८६चा. तरी अणुऊर्जा खात्यात हे शास्त्र होते. ट्रॉम्बेला डॉ. ए. के. गांगुली यांनी किरणोत्सर्गापासूनच्या संरक्षणाचे, ज्याला हेल्थ फिजिक्स म्हणतात त्याचे, काम उभे केले होते.

आणि इथे एक पेच पाहा. तारापूरचा समुद्र कोरी पाटी नव्हता. महासत्तांनी हवेत अणुचाचण्या केल्या होत्या. १९६३च्या करारानंतर अमेरिका, रशिया, ब्रिटन थांबले, पण चीनने ऑक्टोबर १९६४ मध्ये हवेतली पहिली चाचणी केली. म्हणजे इकडे तारापूरचा पाया घातला जात होता आणि वरून सीझियम-१३७ आणि स्ट्रॉन्शियम-९० पावसाबरोबर उतरतच होते. आता समजा, आधी कोणी मोजलेच नाही आणि १९७० साली बोंबलात सीझियम सापडले. कोळी म्हणणार, केंद्राने सोडले. केंद्र म्हणणार, चीनचे आहे. निवाडा कशावर करायचा? आधीची वही नसेल तर दोघेही खरे आणि दोघेही खोटे. पण वही असून ती कोळ्याला कधी दाखवलीच नसेल, तर त्याच्या दृष्टीने ती नसल्यातच जमा.

आमच्या मते या इतिहासातले सर्वांत शिकण्याजोगे प्रकरण कैगाचे. कारवारहून आत, काळी नदीच्या काठी, सह्याद्रीच्या दाट जंगलात. बांधकाम १९८९ मध्ये सुरू झाले. विरोध मोठा होता. शिवराम कारंतांसारखा ज्ञानपीठ मिळालेला कादंबरीकार ऐंशी ओलांडल्यावर त्या वर्षी लोकसभेला उभा राहिला, आणि हरला.

बांधकामाच्या वर्षांत आणि त्याच्या आगेमागे मंगळूर विद्यापीठाच्या भौतिकशास्त्रज्ञांनी त्या परिसरातली माती, खडक, वनस्पती यांतला नैसर्गिक किरणोत्सर्ग मोजला. हे आम्हाला फार महत्त्वाचे वाटते, कारण खात्याच्या वहीशेजारी विद्यापीठाची दुसरी वही आली. त्या जंगलात पोलोनियम-२१० आधीपासूनच होते, निसर्गाचे. कुठल्याही जंगलात असते.

पण बांधकामाच्या काळात कैगाला खरा धोका किरणांचा नव्हताच. डोंगर कापला की सह्याद्रीच्या पावसात माती नदीत जाते. सुरुंग, धूळ, हजारो मजुरांची वस्ती, त्यांचे सांडपाणी, चुलीचे सरपण. हे मोजायला गायगर काउंटर लागत नाही, साधी काचेची बाटली पुरते. लोकांचे आणि खात्याचे, दोघांचेही डोळे अणूकडे लागलेले, त्यामुळे चिखलाकडे लक्ष कमीच. त्यातच शेजारी कद्रा धरण होत होते. म्हणजे केंद्राच्या ‘आधी’ची म्हणून जी नदी मोजायची, ती स्वतःच तलाव होत चालली होती.

१९९४ साल तर विलक्षणच. २७ जानेवारीला पर्यावरणीय आघात मूल्यांकनाची अधिसूचना निघाली, आणि तेव्हा कैगाचे काम अर्ध्यावर आले होते. १३ मे रोजी पहिल्या भट्टीच्या आतल्या घुमटाचे सुमारे १३० टन काँक्रीट कोसळले. कामगार जखमी झाले. इंधन नव्हते म्हणून गोष्ट तिथेच थांबली. बाहेरच्या पर्यावरणाचे ज्याने रक्षण करायचे, तो घुमटच पडला! बांधकामाच्या काळात देखरेख नदीवर हवी तशी काँक्रीटवरही हवी, हे त्या दिवशी सर्वांना कळले. आराखडा बदलला, आणि दोन्ही भट्ट्या २००० साली व्यापारी तत्त्वावर चालू झाल्या.

२००६च्या अधिसूचनेनुसार मंजुरीच्या अटी पाळल्याचा अहवाल प्रकल्पाने दर सहा महिन्यांनी, १ जून आणि १ डिसेंबरला द्यायचा असतो, आणि तो लोकांसाठी खुला असतो. १९४३च्या त्या गुप्त माशांपासून इथवर यायला साठ वर्षे लागली. गंमत अशी की, कैगाला आता पाचव्या आणि सहाव्या भट्टीची योजना आहे. तिची जाहीर सुनावणी डिसेंबर २०१८ मध्ये झाली. तिच्यासाठी जी ‘आधी’ची नोंद होईल, तिच्यात पहिल्या चार भट्ट्यांचा ट्रिटियम असणार. पाचवीचा प्रागभाव मोजायचा तर पहिल्या चारांचा हिशेब त्यातून वजा करावा लागेल, आणि त्यासाठी लागणार मंगळूरकरांची ती जुनी वही.

बरे, वेळ संपत आली. मागे दोन हात वर दिसताहेत. विचारा.