तांड्याच्या शाळेचा हिशेब

दोस्तहो, आपण आरक्षणावर रात्ररात्र बोलतो, बजेट मात्र वाचत नाही. बाबासाहेब वाचायचे. १२ मार्च १९२७ ला मुंबईच्या कायदेमंडळात त्यांनी हिशेब मांडला : सरकार शिक्षणावर माणशी चौदा आणे खर्च करतं आणि दारूच्या करातून माणशी दोन रुपयांच्या वर उकळतं. शाळेत घातलेल्या शंभर पोरांतली अठराच चौथीपर्यंत पोचतात. त्यानंतर आठच दिवसांनी चवदार तळं. तळं आपल्याला पाठ आहे, हे भाषण नाही.

तसाच हिशेब मी आमच्या मानोऱ्यात मांडतो. आपल्या वस्तीचा नव्हे, तांड्याचा. पोहरादेवी आमच्याच तालुक्यात, तांडे चहूबाजूंनी. काही पोट्टे म्हणतील, तांड्याचं आपण काहून बोलायचं? पुढं वाचा.

गोरमाटी हे लदेणीचे लोक. बैलाच्या पाठीवर मीठ आणि धान्य यांनी मुलूखभर वाहिलं. १८६७ ला रेल्वे नागपूरला पोचली, बैलाचा धंदा बसत गेला. १८७१ ला इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा आणला. १९११ च्या सुधारित कायद्यात या जमातींच्या लेकरांसाठी शाळेचं कलम आहे. कसली शाळा? लेकरू आईबापापासून तोडून सुधारशाळेत टाकायचा अधिकार सरकारला. म्हणजे शाळा आली ती पोलिसाच्या दप्तरातून.

३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला. जमाती 'विमुक्त' झाल्या. नाव बदललं, पण नावामागं पैसा बांधून दिला नाही. अनुसूचित जमातींसाठी घटनेचं कलम २७५ आहे, १९७४-७५ पासून आदिवासी उपयोजना आहे, सुकथनकर समितीमुळं महाराष्ट्रात १९९३ पासून नऊ टक्क्यांचं सूत्र आहे. आपल्यासाठी १९७९-८० पासून विशेष घटक योजना आली. हा पैसा पुरा खर्चतात का, ते भांडण वेगळं. पण निदान भांडायला आकडा आहे. विमुक्तांना तसा आकडाच नाही. दर वर्षी सरकारची मर्जी. १९६३ ते १९७५ मुख्यमंत्री होते वसंतराव नाईक, गहुलीच्या तांड्यातले. तरी वाटा ठरला नाही.

आणि गंमत बघा. यवतमाळ जिल्हा ओलांडून पैनगंगा उतरली की आदिलाबाद. तिथला लंबाडा १९७६ च्या कायद्यानं अनुसूचित जमात. कर्नाटकातला लमाणी अनुसूचित जात. आमचा विमुक्त. बोली तीच, सेवालाल तोच, लेकराच्या शाळेचा पैसा मात्र तीन तऱ्हेचा.

आता शाळेत या. पहिलीतलं पोर घरी गोरमाटी बोलतं, पुस्तक मराठी. दिवाळीच्या आगेमागे आईबाप ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जातात, पोर पाठीशी. उरली आश्रमशाळा. विमुक्तांची आश्रमशाळा म्हणजे संस्था खाजगी, अनुदान सरकारी, दर पोरामागं महिन्याचं परिपोषण. अनुदान लांबलं की किराणा उधार आणि वरण पातळ. हजेरीवर पैसा असल्यामुळं पट फुगवायचा मोह, आणि पट फुगवणारा सापडला की बदनाम तांडा.

पोरींसाठी १९९२ ला उपस्थिती भत्ता निघाला : पहिली ते चौथी, रोज एक रुपया, वर्षाला जास्तीत जास्त २२० दिवस. दलित, आदिवासी, विमुक्त साऱ्यांच्या गरीब पोरींना. त्या काळी आई म्हणायची, रुपयासाठी तरी जाईल. पुढं महागाई चढत गेली, रुपया वर्षानुवर्षं रुपयाच राहिला.

रेणके आयोगानं २००८ ला भटक्या-विमुक्तांची संख्या दहा कोटींच्या वर धरली. २०२२ ला केंद्रानं त्यांच्यासाठी 'सीड' योजना काढली : पाच वर्षांत दोनशे कोटी, त्यातच कोचिंग, विमा, घर, रोजगार. भागाकार करा. माणशी वर्षाला चार रुपयेसुद्धा नाहीत. चौदा आण्यांवर बाबासाहेब सभागृहात उभे राहिले होते.

२०२५ ला बंजाऱ्यांनी अनुसूचित जमातीच्या यादीसाठी मोर्चे काढले, आदिवासींनी विरोधात काढले. दोन्हीकडची पोरं उपाशी, आणि भांडण एका ताटावरून. दुसरं ताट का वाढलं नाही, हे वाढणाऱ्याला कोणी विचारीना. ५ ऑक्टोबर २०२४ ला पोहरादेवीला बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन झालं, खुद्द पंतप्रधान आले. संग्रहालय असू द्या, इतिहास हवाच. पण मोर्चात जाणाऱ्या दोन्हीकडच्या पोरांना घेऊन आधी पंचायत समितीत जा. माहितीच्या अधिकारात तीनच गोष्टी मागा : तालुक्यातल्या किती पोरींना तो रुपया मिळाला, परिपोषणाचा हप्ता कोणत्या तारखेला आला, आणि दिवाळीनंतर किती पोरं पटावर राहिली पण वर्गात नव्हती.