धानाचा कोंडा

धानाचा कोंडा म्हणजे तूस काढलेल्या तांदळाला पॉलिश करताना दाण्यावरून निघणारी तपकिरी, तेलकट भुकटी होय. धानपट्ट्यातील चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांत मूल, ब्रह्मपुरी, आरमोरी, देसाईगंज आदी ठिकाणच्या भातगिरण्यांतून हा उपपदार्थ मिळतो. बोलीत कित्येकदा तुसालाही कोंडाच म्हणतात. त्यामुळे दोहोंची गल्लत होते.

धानाच्या वजनात तूस सुमारे २० टक्के, तर कोंडा ८ टक्क्यांच्या आसपास असतो. तूस खाण्याजोगे नसते, ते जळणास जाते. कोंड्यात मात्र १५ ते २० टक्के तेल, शिवाय प्रथिने, तंतू व ब-जीवनसत्त्वे असतात. पॉलिशच्या तांदळावर पोसलेल्या कोंबड्यांना होणारा बेरीबेरीसदृश विकार कोंड्याने बरा होतो, हे ख्रिस्तियान आइकमन यांना जावा बेटावर आढळले. त्यांना १९२९ साली नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा मिळाला.

‘कोंड्याचा मांडा करणे’ हा वाक्प्रचार मराठीत जुना असला, तरी प्रत्यक्षात बराच कोंडा गुरांपुढेच जातो. गावातील हलर गिरणीत तूस व कोंडा एकत्रच पडतात. तूस आधी वेगळे करणाऱ्या गिरणीतील शुद्ध कोंडाही टिकत नाही. त्यातील लायपेज हे विकर काही तासांतच तेलाचे विघटन करू लागते. कोंडा खवट होतो आणि वाढलेल्या आम्लतेचे तेल साबणासाठी जाते. म्हणून तो गिरणीतच तत्काळ उष्णता देऊन स्थिर करावा लागतो. असा कोंडा पिठात थोडा मिसळून पोळ्या, बिस्किटे करता येतात. खाद्यतेल काढल्यावर उरणारा चोथा पशुखाद्यात वापरतात.