नवा पिस्टन थेट का बसत नाही? शंभर वर्षं जुनं इंजिन पुन्हा जोडताना काय करतात?

फोर्डच्या ‘मॉडेल टी’ गाड्या १९०८ ते १९२७ या काळात तयार झाल्या, त्याही दीड कोटींहून जास्त. त्यामुळे या गाडीचे बरेच सुटे भाग आजही नवे मिळतात. पण खोक्यातून काढलेला पार्ट तसाच बसवला, तर शंभर वर्षं टिकलेला इंजिनाचा ब्लॉक एका दिवसात खराब होऊ शकतो.

असं का? कारण प्रत्येक इंजिन वेगळं झिजलेलं असतं. मॉडेल टीच्या सिलिंडरचा मूळ व्यास ३.७५ इंच. वर्षानुवर्षं पिस्टन घासून हे भोक लंबगोल होतं, वरच्या बाजूला जास्त रुंद होतं. म्हणून आधी मोजमाप, मग ऑर्डर. मोठ्या मापाचा, म्हणजे ‘ओव्हरसाइझ’ पिस्टन मागवायचा, तो हातात आल्यावर मायक्रोमीटरने मोजायचा आणि त्यानुसार सिलिंडर बोअर करायचा. घाईत आधीच बोअरिंग करून घेणारे इथेच फसतात.

मूळ पिस्टन बिडाचे होते. आताचे बहुतेक अ‍ॅल्युमिनियमचे असतात. वजनाला हलके, पण तापल्यावर बिडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावणारे. त्यामुळे पिस्टन आणि सिलिंडरमधली फटही जास्त ठेवावी लागते.

रिंगचंही तसंच. एकटी रिंग सिलिंडरमध्ये घालून, उलट्या पिस्टनने सरळ ढकलून, तिच्या दोन टोकांमधली फट फिलर गेजने मोजतात. या मापाला साधारण ०.०१२ ते ०.०१५ इंच हवी. कमी असेल तर टोकं हलकेच घासायची. नाहीतर गरम झाल्यावर टोकं एकमेकांना भिडतात, रिंग तुटते आणि सिलिंडरवर ओरखडे पडतात.

सर्वात अवघड काम बेअरिंगचं. आजच्या गाड्यांत बेअरिंगच्या तयार वाट्या येतात. मॉडेल टीत मात्र बॅबिट नावाचा मऊ मिश्रधातू (मुख्यतः कथील, सोबत अँटिमनी आणि तांबं) वितळवून थेट जागेवर ओततात आणि मग क्रँकशाफ्टच्या मापाला कोरतात. फट ठेवायची फक्त एक-दीड हजारांश इंच. या इंजिनात तेलाचा पंप नाही, फ्लायव्हील फिरताना तेल उडवतं. फट जास्त झाली तर ठोके ऐकू येतात, फारच घट्ट झाली तर बॅबिट वितळतं.

व्हॉल्व्हची गंमत वेगळीच. मूळ रचनेत फट कमी-जास्त करायला स्क्रूच नाही! व्हॉल्व्हच्या दांड्याचं टोक थोडं थोडं घासून फट जुळवायची. जास्त घासलं गेलं, तर नवा व्हॉल्व्ह भंगारात. कंटाळून अनेक जण स्क्रूवाले टॅपेट बसवतात, आणि त्यात काही वावगं नाही.

जोडताना बेअरिंगची एकेक टोपी आवळून झाली की क्रँक हाताने फिरवून बघतात. अडकला तर दोष शोधत बसावं लागत नाही. शेवटची आवळलेली टोपी आधी सैल करायची.