धाटाची गाडी आणि पत्र्याचा ट्रक

बालाघाटाच्या पठारावर, अंबाजोगाई तालुक्यात, परळीहून लातूर रोडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर घाटनांदूर हे गाव वसलेले आहे. या परिसराच्या भूतकाळाचा शोध घेऊ पाहणारा अभ्यासक साहजिकच मुकुंदराज-दासोपंतांच्या वाङ्मयीन परंपरेकडे, अंबाजोगाईला मोमिनाबाद म्हणत त्या काळातील निजामाच्या फौजेच्या छावणीकडे, महसुली दप्तरांकडे, नाहीतर १९४८ साली विलीनीकरणात परिणत झालेल्या मुक्तिसंग्रामाकडे वळतो. या थोर विषयांच्या शेजारी मात्र एक लहानसा हुन्नर पिढ्यान्‌पिढ्या नांदत आला, ज्याची नोंद कोणत्याही जमाबंदीच्या कागदात झाली नाही, ज्यावर कोणत्याही अमलात पट्टी बसली नाही, आणि ज्याचे कारागीर बहुधा मुंजीच्या वयाच्या आसपासचे असत. खऱ्या वाहनाची लहान प्रतिकृती, विकतचा एकही भाग न घेता, शेतात आणि उकिरड्यावर सापडणाऱ्या जिनसांतून मुळापासून उभी करणे, हा तो हुन्नर होय. ज्वारीच्या धाटाची बैलगाडी हे त्याचे जुने रूप आणि डब्याच्या पत्र्याचा ट्रक हे त्याचे नवे रूप. खेळ म्हणून या कामाकडे दुर्लक्ष झाले, तरी माझ्या मते ते सुताराच्या व लोहाराच्या कामाइतकेच कारागिरीच्या इतिहासात मोडते.

वाहनाची लहान प्रतिकृती करण्याची हौस आपल्या मुलखात किती प्राचीन आहे, याचा सर्वांत भव्य पुरावा प्रवरेच्या काठी दायमाबाद येथे मिळाला. श्रीरामपूर तालुक्यातील या गावी १९७४ साली एका स्थानिक शेतकऱ्याला काशाच्या चार वस्तू सापडल्या: दोन बैल जुंपलेला रथ, आणि हत्ती, गेंडा व रेडा हे तीन प्राणी. रथ सुमारे ४५ सेंटिमीटर लांब आणि १६ सेंटिमीटर रुंद असून त्यात उभा असलेला सारथीही १६ सेंटिमीटर उंचीचाच आहे. रेडा व गेंडा यांच्या पायांखाली भरीव चाके आहेत, आणि हत्तीची चाके हरवली असली तरी त्याची बैठक त्याच घडणीची आहे. या वस्तूंच्या काळाविषयी विद्वानांत वाद झाला, कारण धातूतील सोमलाचे प्रमाण काहींना शंकास्पद वाटले. तथापि उत्तर-सिंधू काळातील, म्हणजे जवळजवळ चार हजार वर्षांपूर्वीच्या, म्हणून त्या सामान्यतः मानल्या जातात. त्या पूजेसाठी होत्या की मिरवणुकीसाठी, हा प्रश्न बाजूला ठेवला तरी रथाचा दांडा, जू आणि सारथ्याची उभे राहण्याची ढब पाहून एवढे निश्चित म्हणता येते, की ज्याने हे घडविले त्याने खरी गाडी नुसती पाहिली नव्हती, तर ती कशी जोडलेली असते हे तपासून पाहिले होते.

बालाघाटाला जवळ असलेला दुसरा पुरावा तेरचा. तेरणेच्या काठचे हे गाव म्हणजे प्राचीन तगर, ज्याचा उल्लेख इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक नाविकाच्या वृत्तांतात येतो. पैठण व तगर येथील माल, त्यात तगरचे पुष्कळसे कापड, रस्ते नसलेल्या विस्तीर्ण प्रदेशातून गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराला नेला जाई, असे तो लिहितो. अर्थात या पठारावरचे कापड समुद्रापर्यंत पोहोचले ते बैलगाडीच्या जोरावर. तेर येथील रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाच्या संग्रहालयात त्या काळच्या मातीच्या मूर्ती व खेळणी जतन करून ठेवलेली आहेत. मातीच्या वस्तू भाजल्यामुळे दोन हजार वर्षे टिकल्या. ज्वारीच्या धाटाची वस्तू मात्र दुसऱ्या पावसाळ्यापर्यंतही टिकत नाही, आणि या हुन्नराला लिखित इतिहास नसण्याचे खरे कारण हेच आहे.

गावगाड्यात गाडी घडविण्याचे काम सुताराचे, आणि तिच्या चाकाला लोखंडी धाव चढविण्याचे काम लोहाराचे. धाव चढविण्याचा दिवस पोरांच्या दृष्टीने पर्वणीचा असे, कारण गोवऱ्यांच्या वर्तुळाकार जाळात तापवून लाल केलेली ती कडी पकडीने उचलून लाकडी चाकावर बसवायची आणि लगेच पाणी ओतायचे, म्हणजे लोखंड आकसून पाटे व आरे एकमेकांत घट्ट आवळले जात. हे सर्व उघड्यावर, वेशीजवळ किंवा नेटाजवळ, म्हणजे सुताराच्या कामाच्या जागेजवळ, चाले. ज्या कारखान्याला भिंती नाहीत, त्यातील विद्या पाहणाऱ्याला आपोआप मिळते. तुंबा, आरे, पाटे, कणा, जू आणि शिवळा ही नावे मुलाला पाठ करावी लागत नसत. आणि ज्या मुलाला ती ठाऊक होती, तोच माघ-फाल्गुनात कडब्याची बुचाडे उभी राहिली की त्यांतून चांगली धाटे निवडून आपली गाडी बांधू लागे.

या बांधणीकडे थोडे बारकाईने पाहिले पाहिजे, कारण तिच्यात विचार आहे. धाट सरळ, लांब पेराचे आणि खोडकिडीने न पोखरलेले असावे लागते. ते अगदी हिरवे चालत नाही, कारण आतले भेंड सुकताना आक्रसते आणि सांधे ढिले पडतात. अगदी कडकडीतही चालत नाही, कारण साल वाकविताना तडकते. नखाने साल उभी सोलून तिच्या पट्ट्या वेगळ्या काढायच्या, आणि उघड्या पडलेल्या भेंडाचे हव्या त्या मापाचे तुकडे करायचे. सालीची कड इतकी धारदार असते की बोट कापल्यावाचून हे काम कोणी शिकला नसेल. एवढ्या दोनच द्रव्यांत सारी गाडी उभी राहते: जेथे ताण येतो तेथे साल, आणि जेथे सांधा हवा तेथे भेंड. सालीचे टोक भेंडात खुपसले की खिळाही नको आणि डिंकही नको. सालीची पट्टी वाकवून तिची दोन टोके भेंडाच्या तुकड्यात रोवली की चाकाची धाव होते, मधल्या भेंडाचा तुंबा होतो, आणि बारीक काड्यांचे आरे होतात. कण्याला बाभळीचा लांब काटा मिळाला तर चाक खरोखर फिरते. बैलांचे अंग भेंडाचे, पाय सालीचे आणि शिंगे वाकविलेल्या सालीची. कसबी मुलगा शिंगांच्या वळणावरून बैल खिलार आहे की देवणी, हे दाखवीत असे.

यात प्रमाण कोणते, हा प्रश्न प्रतिकृतीकाराच्या दृष्टीने मोलाचा आहे. मुलापाशी मोजपट्टी नसते, परंतु एक माप निसर्गाने ठरवून दिलेले असते आणि ते त्याला बदलता येत नाही: धाटाची जाडी. धुरी जर अख्ख्या धाटाची करायची, तर चाक केवढे, साटा केवढा आणि बैल केवढा, हे सारे त्या जाडीवरून ठरत जाते. म्हणूनच वेगवेगळ्या गावांतल्या, एकमेकांना कधी न भेटलेल्या मुलांच्या गाड्या साधारण वीतभरच लांबीच्या होत. चिखलाचे बैल मात्र पोळ्याला हवे तेवढे मोठे करता येत, कारण मातीला असे बंधन नाही. विदर्भातील तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल किंवा सावंतवाडीच्या चिताऱ्यांची रंगीत खेळणी ही कसबी कारागिरांची, बाजारात विकली जाणारी कला होय. बालाघाटावरील गाडी कोणी विकली नाही आणि कोणी विकत घेतली नाही.

निजाम सरकारच्या रेल्वेने या पठारावरून रूळ नेले, आणि घाटनांदूरला स्थानक झाल्यावर मुलांच्या डोळ्यांपुढे एक नवेच वाहन आले. आगगाडी धाटातून बांधणे सोपे नव्हते. बैलगाडीची सर तिला कधी आली नाही. खरा पालट मालमोटारीने घडविला. १९५४ साली टाटांच्या टेल्को कंपनीने जर्मनीच्या डाइमलर-बेंझ कंपनीशी करार करून जमशेदपूर येथे ट्रकची निर्मिती सुरू केली, आणि पुढील काही दशकांत हा ट्रक मराठवाड्याच्या प्रत्येक बाजारपेठेत दिसू लागला. हा ट्रक कारखान्यातून पुरा होऊन येत नसे: कारखाना चासी आणि इंजिन देई, आणि त्यावरची बॉडी गावोगावचे सुतार, लोहार व पेंटर आपल्या अकलेने बांधीत. फळ्यांची रुंदी, केबिनवरचे कोरीव फलक, मागच्या फाळक्यावरची अक्षरे, यांतील काहीही मूळ आराखड्यात नव्हते. म्हणजे आपल्या रस्त्यावर धावणारा पूर्ण आकाराचा ट्रकसुद्धा अर्धा हाताने घडविलेला होता, आणि त्याची प्रतिकृती करणाऱ्या मुलाला धाव चढविण्याप्रमाणेच बॉडी बांधण्याचे कामही रस्त्याच्या कडेला उभे राहून पाहता येत होते.

त्या प्रतिकृतीची सामग्री आता शेतातून नव्हे, तर घरातल्या टाकाऊ जिनसांतून आली. डालड्याच्या किंवा रॉकेलच्या डब्याचा पत्रा, झिजलेल्या स्लिपरच्या तळव्यातून बाटलीचे झाकण दाबून कापलेली चाके, सायकलच्या मोडक्या आरीचा कणा आणि बांधकामावरची तार. चाकाची जाडी स्लिपरच्या तळव्याने ठरे, आणि तिच्यावरून ट्रकची उंची. लांब तारेचे सुकाणू जोडून मुलगा उभ्या उभ्या तो ट्रक धुळीतून हाकी. बीड जिल्ह्यातील हजारो कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्राकडे जातात, आणि बिऱ्हाड, शेळ्या व लेकरे यांसह हा प्रवास कित्येकदा ट्रकमधूनच होतो. ज्या मुलाचे अर्धे वर्ष ट्रकने ठरविले, त्याने ट्रकच घडवावा, यात नवल नाही. परंतु शाळा बुडवून कोपीत राहणाऱ्या त्या मुलाच्या हातची विद्या कोणत्याही गुरुजींच्या दृष्टीस पडली नाही, याचे मला दुःख वाटते.

या विद्येचे मोल ज्यांनी ओळखले त्यांत अरविंद गुप्ता यांचे नाव आदराने घेतले पाहिजे. कानपूरच्या आयआयटीतून अभियंता होऊन ते टेल्कोच्या पुण्याच्या कारखान्यात, म्हणजे ट्रकच्याच कामावर, रुजू झाले. १९७८ साली ते होशंगाबाद जिल्ह्यातील विज्ञानशिक्षणाच्या कार्यक्रमात गेले, आणि तेथे सायकलच्या व्हॉल्वची रबरी नळी व काड्यापेटीतील काड्या यांपासून त्यांनी सांधे व आकृत्या तयार केल्या. पुढे पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी टाकाऊ वस्तूंतून शेकडो खेळणी सिद्ध केली. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. भेंडाच्या जागी रबरी नळी आणि सालीच्या जागी काडी, एवढाच त्या सांध्यात आणि धाटाच्या सांध्यात भेद आहे.

शहरी महाराष्ट्रात हीच हौस निराळ्या वाटेने वाढली. पुण्यात कोथरूड येथे भाऊसाहेब जोशी यांनी आयुष्यभर जोपासलेल्या छंदातून लघुरेल्वेचे संग्रहालय उभे केले आणि ते १९९८ साली लोकांसाठी खुले झाले. युरोप-अमेरिकेत तर या छंदाला मोठी परंपरा आहे. उदाहरणार्थ, तेथील हिमप्रदेशांत मालमोटारीच्या तोंडाला पोलादी वक्र फाळ बसवून बर्फ बाजूला सारतात. फाळ तिरपा करता येतो, द्रवदाबाने उचलता येतो, आणि मागच्या हौद्यात मीठ किंवा वाळू भरली की मागच्या चाकांवर भारही येतो. तेथील हौशी मंडळी साध्या ट्रकच्या प्रतिकृतीत फेरफार करून असा ट्रक घडवितात, फाळ प्लास्टिकच्या पातळ पत्र्याचा आणि तो उचलणारा दट्ट्या पितळी तारेचा. ११ फुटी फाळ १:२५ या प्रमाणात सुमारे साडेतेरा सेंटिमीटर होतो. परंतु खरी कसोटी जाडीची, कारण १० मिलिमीटर जाडीचे पोलाद त्या प्रमाणात अवघे ०.४ मिलिमीटर भरते, आणि पत्रा त्याहून जाड राहिला की डोळा लगेच फसवणूक ओळखतो. १९६० च्या मे महिन्यात स्थापन झालेल्या सीमा सडक संघटनेच्या ग्रेफ दलाचे केंद्र पुण्याजवळ दिघी येथे आहे, त्यामुळे रोहतांग आणि झोजीला येथे बर्फ कापणारी यंत्रे मराठी माणसाला अगदीच परकी नाहीत. तरीही घाटनांदूरच्या मुलाने बर्फाचा ट्रक करावा अशी अपेक्षा कोणी करणार नाही. मला दिसते ते एवढेच की द्रव्याची जाडी आणि वस्तूचे प्रमाण यांचा जो मेळ तिकडचा प्रौढ मनुष्य सूक्ष्म मोजमापाने घालतो, तोच इकडचा मुलगा बोटांनी घालीत आला.

आज हा हुन्नर विरत चालला आहे. बाजारात प्लास्टिकची खेळणी स्वस्त झाली, हे कारण खरे असले तरी अपुरे आहे. मराठवाड्यातील खरिपाची ज्वारी हटून तिची जागा सोयाबीनने घेतली, आणि सोयाबीनच्या काडात ना तसे लांब पेर, ना तसे भेंड. रब्बीची मालदांडी अजून पेरली जाते, वेळ अमावस्येला कडब्याची कोप करून पांडवांची पूजाही होते. पण बैलजोड्या घटल्या, लाकडी चाकाच्या जागी रबरी टायर आला, आणि धाव चढविणारा लोहार गावात उरला नाही. ज्याची नक्कल करायची ती वस्तू आणि जिच्यातून करायची ती सामग्री, दोन्ही एकाच पिढीत दुर्मीळ झाल्या.

म्हणून घाटनांदूर, अंबाजोगाई, केज आणि रेणापूर या पट्ट्यातील शिक्षकांना माझी विनंती आहे. येत्या सुगीत गावातील एखाद्या आजोबांना शाळेत बोलवावे, मुलांकडून त्यांच्या देखरेखीखाली धाटाची गाडी करवून घ्यावी, तिच्या प्रत्येक भागाचे नाव आणि माप वहीत उतरवावे, आणि ज्वारीचा वाण, गाव, साल व करणाऱ्याचे नाव लिहून ती गाडी कडुनिंबाचा पाला घातलेल्या काचेच्या बंद पेटीत ठेवावी. अशा दहा-वीस पेट्या जमल्या तर त्यांतील काही तेरच्या संग्रहालयाला नजर कराव्यात. दोन हजार वर्षांपूर्वीच्या मातीच्या खेळण्यांशेजारी त्यांची जागा आहे.